अभंगाच्या चालीवरची उपासना

वडवणीच्या परिसरात हरिनाम सप्ताहाचा मांडव पडला की टाळमृदंगाचा घोष कशासाठी, हे कोणास विचारावे लागत नाही. मात्र शेजारच्या, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या चर्चमधून रविवारी सकाळी अभंगाची चाल कानी आली, तर परगावच्या माणसाला आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. वाचन, प्रार्थना, प्रवचन हा उपासनेचा क्रम मिशनऱ्यांनी घालून दिलेला. गीत मात्र या मातीतले. ही परंपरा रुजविण्यात सर्वांत मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा आहे.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये कोकणातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरानेच मोजली. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर, काही काळ तर पंढरपुरात राहिल्या. पुढे त्यांनीही तोच धर्म स्वीकारला, पण स्वतःच्या विचाराने.

धर्म बदलला, तरी कान बदलला नाही. तुकोबांची वाणी टिळकांच्या रक्तात भिनलेली होती आणि तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. इंग्रजी चालींत कोंबलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचे अंतःकरण कसे हेलावणार? ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच देशात परका ठरू नये, हा खरा प्रश्न होता. टिळकांच्या आधीच कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तेव्हा आरंभाचे श्रेय एकट्या टिळकांना देणे न्यायाचे होणार नाही. मात्र त्या वाटेला अस्सल कवीची वाणी लाभली ती टिळकांमुळे. त्यांनी शेकडो पदे रचली. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

गाणे देशी झाले, तरी मंडळीचा कारभार परदेशी पैशावर चालावा, हे त्यांना खुपत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या अनुयायाला तेथे मज्जाव नव्हता. पुष्कळ धर्मबांधवांना हे धाडस अतिरेकी वाटले असल्यास नवल नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

टिकली ती पदे. एके काळी जी नवलाई होती, तीच आज जुनी रीत म्हणून जपली जाते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि कित्येक वृद्ध उपासकांना ती पुस्तक न उघडताही येतात.