विरोधी बाकावरचे नाथ पै

शेतकरी बंधूंनो, ग्रामपंचायतीतला विरोधी सदस्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? दर ठरावाला आडवा जाणारा, वर तक्रारअर्ज धाडणारा माणूस. तसे असतातही. पण विरोधात बसून लोकांचं काम कसं करायचं असतं, हे पाहायचं असेल तर बॅरिस्टर नाथ पै यांचं आयुष्य एकदा नजरेखालून घाला.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण बेळगावात झालं. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास घडला. पुढे इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले. मनात आणलं असतं तर वकिलीत बक्कळ पैसा मिळवता आला असता. पण ते परत आले आणि प्रजा समाजवादी पक्षाचं काम करू लागले. १९५७ साली राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं. १९६२ आणि १९६७ सालीही लोकांनी त्यांनाच निवडून दिलं.

आता त्यांच्या पक्षाचं बळ बघा. लोकसभेत सुमारे पाचशे खासदार, त्यात या पक्षाचे १९५७ ला १९, १९६२ ला १२ आणि १९६७ ला १३. म्हणजे मतदान झालं की हार ठरलेली! अशा वेळी माणूस एक तर गप्प बसतो, नाहीतर नुसता आरडाओरडा करतो. नाथ पै यांनी दोन्ही केलं नाही. कागद वाचून, तयारी करून ते उभे राहत. सरकारची चूक असेल तिथे झोडपत, पण बोलण्यात कडवटपणा नसे. म्हणून सत्ताधारी बाकांवरचे लोकही त्यांचं भाषण कान देऊन ऐकत.

त्यांचं सर्वांत मोठं काम तुमच्या-आमच्या जमिनीशी जोडलेलं आहे, बरं का! पंजाबात जालंदरकडे गोलकनाथ नावाचं कुटुंब होतं. त्यांची जमीन पाचशे एकरांहून जास्त. कायद्यानं माणशी तीस एकरच ठेवता येणार, म्हणून ते सुप्रीम कोर्टात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी ११ न्यायाधीशांनी ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला. आधीचे जमीन कायदे कोर्टानं मोडले नाहीत. पण यापुढे घटनादुरुस्ती करूनही संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असं ठरवलं. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांत होता. म्हणजे कुळांसाठी, भूमिहीनांसाठी पुढे काही करायचं तर वाट अडलेली.

खोतीचा जाच सोसलेल्या कोकणच्या खासदाराला याचा अर्थ नेमका कळला. संसदेला घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता यावा, असं खासगी विधेयक त्यांनी त्याच वर्षी मांडलं. यातली गोम लक्षात घ्या. ज्या सभागृहात आपली माणसं अवघी तेरा, त्या सभागृहाला अधिकार मिळावा म्हणून हा माणूस झटत होता. फायदा होणार होता तो बहुमतवाल्यांचा. पण प्रश्न पक्षाचा नव्हता, निवडून आलेल्या संसदेचा होता. सरकारनंही त्या विधेयकाला पाठिंबा दिला. मात्र बहुमतवाले उद्या माजले तर काय, अशी भीती घालणारे लोकही होते आणि ती भीती खोटी नव्हती.

विधेयक रखडलं. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली नि ते बारगळलं. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै गेले. वय अवघं ४८. त्याच वर्षी सरकारनं चोविसावी घटनादुरुस्ती करून त्यांच्या विधेयकातला गाभा कायद्यात आणला. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात कोर्टानं दुरुस्तीचा अधिकार मान्य केला, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही अशी वेसणही घातली. दोन्ही बाजूंचं म्हणणं असं मार्गी लागलं.

कोकणात रेल्वे यावी हाही त्यांचा ध्यास. त्यांच्यामागे मधु दंडवते राजापुरातून निवडून आले नि त्यांनी तो प्रश्न धरून ठेवला. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला.

तेव्हा कारभारी मंडळींनो, ग्रामसभेत विरोधी सदस्य हिशेब मागेल तेव्हा त्याला वैरी समजू नका, कागद पुढे ठेवा. आणि विरोधी सदस्यांनो, अंदाजपत्रक वाचून या. नळयोजनेत खोट दिसली तर ठणकावून सांगा, पण योजना गावाची असेल तर हात वर करायला लाजू नका. पुढच्या निवडणुकीत जो यायचा तो येईल. पाणी मात्र सगळ्या गावाला प्यायचं आहे.