जबाबदारी घेणारा मंत्री

संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर बसलो, की मुंबईकडे उतरणारी विमाने दिसतात. एखादे लहान विमान ढगात शिरले, की मला माधवराव शिंदे आठवतात. ग्वाल्हेरच्या या घराण्याशी आमच्या कुलाब्याचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बाबूराव आंग्रे कुलाब्याचे धनी झाले, ते शिंद्यांच्या पाठबळावरच.

माधवरावांचा जन्म १० मार्च १९४५ रोजी मुंबईत झाला. सोळाव्या वर्षी वडील जिवाजीराव गेले. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून १९७१ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते गुण्यातून लोकसभेवर निवडून आले. १९८४ मध्ये ग्वाल्हेरात त्यांनी अटलबिहारी वाजपेयींचा पराभव केला. रेल्वे खाते त्यांच्याकडे असताना, १९८८ मध्ये, पहिली शताब्दी एक्स्प्रेस धावली. क्रिकेटचे तर त्यांना वेडच. नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

पण मला त्यांची मोठी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. १९९१ मध्ये ते नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. पुढे वैमानिकांचा संप झाला, तेव्हा सेवा चालू ठेवण्यासाठी परदेशी विमाने भाड्याने आणावी लागली. ९ जानेवारी १९९३ रोजी त्यांतले उझबेकिस्तानचे टुपोलेव्ह विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. सुदैवाने सारे वाचले. तरीही माधवरावांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.

मी उभी हयात बँकेत काढली. संध्याकाळी रोकड जुळली नाही, की प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे वळते, हे मी कितीदा पाहिले आहे. शंभर रुपयांचा फरक आपल्या नावावर घ्यायलाही छाती लागते. इथे तर विमान चालवणारा दुसरा, धुके निसर्गाचे, आणि जीवितहानी शून्य. अंगाबाहेर टाकायला कारणे भरपूर होती. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी जी वाट धरली, तीच यांनी धरली. त्याने त्यांचे नुकसान झाले म्हणावे, तर १९९५ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्री म्हणून ते मंत्रिमंडळात परतलेही.

नियतीचा खेळ मात्र विचित्र. ३० सप्टेंबर २००१, रविवार. कानपूरच्या सभेसाठी ते दिल्लीहून दोन इंजिनांच्या छोट्या विमानाने निघाले. वाटेत उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात ते विमान कोसळले. माधवराव, त्यांचे सचिव, चार पत्रकार आणि दोन वैमानिक, आठही जण गेले. माधवराव छप्पन्न वर्षांचे होते. आई विजयाराजे त्याच वर्षी जानेवारीत निवर्तल्या होत्या.

एका राजीनाम्याने विमाने पडायची थांबत नाहीत, हे खरेच. पण माझ्या खात्यात घडले, ते माझे, असे मानणारा माणूस वर बसलेला असला, की खालचा प्रत्येक जण आपले काम एकदा अधिक तपासून पाहतो. घरातल्या मुलांना माधवरावांच्या राजवाड्याच्या गोष्टी सांगाल, तेव्हा त्या राजीनाम्याचीही सांगा.