सवाई जयसिंग आणि गुरूचे चंद्र

बाळापूरला नदीकाठी जी देखणी छत्री उभी आहे, ती मिर्झाराजे जयसिंगाची. त्याचाच खापरपणतू सवाई जयसिंग हा १६८८ साली जन्मला. अकरा वर्षांचा असतानाच तो आंबेरच्या गादीवर बसला.

मोहिमांच्या धामधुमीतही त्याचे मन आकाशात रमे. ग्रहांचे गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसेना, ही रुखरुख त्याला लागली. पितळेची यंत्रे लहान, शिवाय झिजणारी; म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथे त्याच्या वेधशाळा उभ्या राहिल्या. जयपूरचे सम्राटयंत्र तर सुमारे ९० फूट उंच आहे! युरोपातून आणविलेल्या कोष्टकांतही चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने चुकलेले त्याला आढळले.

त्याच्यापाशी दुर्बिणीही होत्या. त्यांतून शुक्राच्या कला दिसल्या, सूर्यावरील डाग दिसले आणि गुरूजवळचे चार तेजःकणही दिसले. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले चंद्र ते हेच. परंतु पाषाणयंत्र ग्रहाचे स्थान सांगते, रूप सांगत नाही. आणि जयसिंगाची भिस्त अखेरपर्यंत पाषाणयंत्रांवरच राहिली. १७४३ साली तो निवर्तला.

त्या तेजःकणांचे खरे रूप १९७९ साली व्हॉयेजर यानांनी दाखविले. आयोवर ज्वालामुखी धगधगत आहेत. युरोपावर भेगाळलेले बर्फाचे कवच आहे. गॅनिमीड बुधाहूनही मोठा, तर कॅलिस्टोचे अंग विवरांनी भरलेले आहे. आकाशात गुरू असेल त्या निरभ्र रात्री बाळापूरच्या छत्रीपाशी साधी दुर्बीण लावली, तरी हे चौघे एका ओळीत दिसतात. क्वचित एखादा गुरूआड दडलेला असतो.