सवय नीट विचारणारे डॉक्टर : वसंत रामजी खानोलकर

गुडघा दुखतो म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुलं जवळा बाजारच्या आमच्या दवाखान्यात येतात. कुणी कबड्डी खेळतो, कुणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. मी बिडी-सिगारेटचं विचारलं की मुलगा आधी वडिलांकडे बघतो आणि मग नाही म्हणतो. वडील औषध घ्यायला बाहेर गेले की उत्तर बदलतं. गुडघ्याच्या दुखण्यात हा प्रश्न कशाला, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आज एका डॉक्टरांचं आयुष्य सांगतो. रुग्णाची सवय बारकाईने विचारणं हीसुद्धा तपासणीच आहे, हे त्यांच्या कामातून शिकण्यासारखं आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. पदवी मिळवली. पॅथॉलॉजी म्हणजे विकृतिशास्त्र. गाठीचा तुकडा काढून 'तपासायला पाठवतो' असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा तो ज्यांच्याकडे जातो त्यांचं हे शास्त्र. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात त्यांनी ते शिकवलं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

देशाच्या निरनिराळ्या भागांतून कॅन्सरचे रुग्ण तिथे येत. खानोलकर तुकडा तर तपासतच, पण हा माणूस कुठला, काय नेसतो, तंबाखू कशी घेतो, हेही बघत. १९४५ साली त्यांनी सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात सवयीशी जोडलेले तीन कॅन्सर होते. तंबाखू-चुन्याची गोळी ओठामागे धरणाऱ्यांना नेमका तिथेच होणारा. चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूला होणारा. आणि तिसरा धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसल्याने कमरेच्या कातडीला होणारा. जिथे सवयीचा घाव, तिथेच रोग.

१९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. आपल्याकडे मात्र बिडी होती, पान-तंबाखू होतं. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. कॅन्सर झालेल्यांना आणि न झालेल्यांना सवयी विचारायच्या आणि दोन्ही गटांची तुलना करायची, अशी ही पद्धत. तंबाखू चघळणं आणि ओढणं, या दोन्हींचा तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. ही पद्धत एका गोष्टीवर उभी असते : रुग्णाने खरं सांगितलं पाहिजे.

१९५२ साली सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. कुष्ठरोगावरही त्यांनी संशोधन केलं. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना पद्मभूषण मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

खानोलकरांनी गुडघ्यावर काम केलं नाही. पण तंबाखूचा माग अवयवापर्यंत काढायचा, ही त्यांची वाट इथेही उपयोगी पडते. धुरातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. गुडघ्यातल्या कूर्चेला मुळात रक्तवाहिन्या नसतात. गादी आणि अस्थिबंध यांनाही रक्त बेताचंच मिळतं. त्यामुळे इजा झाली की ती भरून यायला वेळ लागतो. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर धूम्रपान करणाऱ्यांचा गुडघा तितका चांगला सावरत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय हाडांची ताकद मुख्यतः विशीपर्यंत साठते. नेमक्या त्याच वयात धूर सुरू झाला, तर ती साठवण कमी पडू शकते.

हेही स्पष्ट सांगतो की मुलांचं प्रत्येक गुडघेदुखणं सिगारेटमुळे नसतं. बहुतेक वेळा कारण अचानक वाढवलेला सराव, झिजलेले बूट किंवा मांडीचे कमजोर स्नायू हे असतं. उतारवयातल्या झिजेच्या संधिवाताबाबत अभ्यासांचं एकमत नाही. आमवाताचा धोका मात्र धूम्रपानाने वाढतो, हे पक्कं आहे. गुडघा सुजला, अडकला, रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखला किंवा सोबत ताप आला, तर सवय असो वा नसो, लगेच दाखवा.

आई-वडिलांना एक विनंती. डॉक्टर मुलाशी बोलत असताना पाच मिनिटं बाहेर बसा. नंतर कळलं तर हात उगारू नका. मार खाल्लेला मुलगा सवय सोडत नाही, लपवायला शिकतो. आणि मुलांनो, तुम्ही खरं सांगितलंत तर उपचार नेमका होतो. काय घेता, दिवसाला किती आणि कोणत्या वर्षी सुरू केलं, एवढं सांगा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.