फॅरडेचें छापचित्र

पदार्थविज्ञानाच्या संग्रहांत उपकरणांच्या जोडीला शास्त्रज्ञांचीं कोरीव छापचित्रें ठेवण्याची जुनी चाल आहे. त्यांपैकीं मायकेल फॅरडेचें एक चित्र आम्हांस विशेष प्रिय आहे. मूळ चित्र पिकर्सगिल याचें. सॅम्युएल कझिन्स यानें १८३० च्या सुमारास तें धातूच्या पत्र्यावर उतरविलें. या पद्धतींत प्रथम सगळा पत्रा दातेरी हत्यारानें खरबरीत करतात. तसाच छापला तर कागद काळाकुट्ट उठतो. मग उजेड हवा तेथें तो खरवडून व घोटून गुळगुळीत करतात, आणि काळोखांतून चेहरा वर येतो.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनलगत एका लोहाराच्या घरीं झाला. लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब एवढेंच त्याचें शिक्षण. चौदाव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या ग्रंथविक्रेत्याकडे पुस्तकबांधणी शिकावयास राहिला. सात वर्षें त्यानें दुसऱ्यांचीं पुस्तकें शिवलीं, आणि शिवतां शिवतां वाचलीं. विश्वकोशांतील विजेवरील लेख त्याच्या हातीं लागला तो असाच. त्याच घरीं मास्केरिये नांवाचा चित्रकार राहत असे. उपकरणांच्या आकृत्या नीट काढतां याव्यात म्हणून फॅरडेनें त्याची पडेल ती चाकरी करून रेखाटन शिकून घेतलें.

१८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें टिपणें घेतलीं, सुवाच्य उतरलीं, आकृत्यांसह स्वतःच्या हातानें बांधलीं व डेव्हीकडे पाठविलीं. त्याच्यापाशीं दुसरें प्रशस्तिपत्र नव्हतें. १८१३ च्या मार्चांत तो तेथील प्रयोगशाळेंत साहाय्यक झाला.

गणित त्यास फारसें येत नव्हतें. हें वाचून आमचे कांहीं विद्यार्थी हर्ष पावतील. परंतु त्याच्या प्रयोगांच्या क्रमांकित नोंदी सोळा हजारांवर आहेत, हेंही त्यांनीं ध्यानांत घ्यावें. १८२१ त त्यानें चुंबकाभोंवतीं विद्युत्प्रवाहाची तार फिरविली. १८३१ त त्यानें तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक सरकवून वीज उत्पन्न केली. चित्रांतल्या फॅरडेच्या हातून हें अजून व्हावयाचें आहे. म्हणून त्या मुद्रेकडे पाहतांना आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, ती वाफेवर. फॅरडे तेव्हां हयात होता. १९२५ सालीं मुंबई-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, व पुढें ती कल्याणपर्यंत पोंचली. तिच्यासाठीं डोंबिवली-कल्याणच्या मध्यें, ठाकुर्लीजवळ चोळा येथें, रेल्वेनें वीजघर बांधलें. तें आतां बंद आहे. तेथेंही वीज उत्पन्न होत असे ती फॅरडेच्या त्याच तत्त्वानें.

एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा तो निष्ठावंत सभासद व वडील होता. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यानें नाकारलें; मात्र नाताळांत मुलांपुढें मेणबत्तीवर व्याख्यानें देण्यास त्यानें कमीपणा मानिला नाहीं. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्याचा अंत झाला, व लंडनच्या हायगेट दफनभूमींत त्यास मूठमाती देण्यांत आली.