विश्लेषण : मैफल न गाजवणाऱ्या एका वकिलाने उस्तादांच्या बंदिशी सर्वांसाठी खुल्या कशा केल्या?

एखाद्या रागाचे नाव मोबाइलवर टाकले की त्याचा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि डझनभर बंदिशी काही सेकंदांत समोर येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी एवढी माहिती मिळवण्यासाठी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे आणि एवढे करूनही ती मिळेलच याची खात्री नसे. हा बदल घडवण्यात मोठा वाटा असलेले पंडित विष्णू नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. मैफलींचे गायक म्हणून त्यांचे नाव कधीच नव्हते. तरीही घराण्यांच्या बंद पेटीतल्या शेकडो बंदिशी त्यांनी पुस्तकांत आणल्या. हे काम कसे झाले आणि त्यावर आजही वाद का होतो, हे जाणून घेऊया.

भातखंडे कोण होते?

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घरची परिस्थिती मध्यमवर्गीय होती. शिक्षण सुरू असतानाच ते सतार शिकू लागले. १८८५ मध्ये बीए आणि १८८७ मध्ये एलएलबी झाल्यावर त्यांनी कराची आणि मुंबईत वकिली केली.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी संस्था होती गायन उत्तेजक मंडळी. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी संगीतप्रेमींनी १८७० मध्ये ती मुंबईत स्थापन केली होती. नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी गाणे ऐकणारे, शिकणारे आणि त्यावर चर्चा करणारे लोक तिथे जमत. १८८४ मध्ये भातखंडे तिचे सदस्य झाले. तिथे त्यांनी रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदे, तर अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल शिकून घेतले. मोठमोठ्या कलाकारांना जवळून ऐकण्याची संधीही तिथेच मिळाली.

१९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या एका मुलीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी वकिली हळूहळू बाजूला सारली आणि उरलेले आयुष्य संगीताच्या अभ्यासाला दिले.

बंदिशी लपवून का ठेवल्या जात?

त्या काळी कलाकाराचे पोट दरबारावर किंवा धनिकांच्या आश्रयावर चालत असे. जवळ असलेल्या दुर्मीळ बंदिशी आणि अनवट राग हीच त्याची पुंजी होती. ती दुसऱ्याच्या हाती गेली की आपली किंमत कमी होईल, ही भीती खरीच होती. त्यामुळे खास चिजा मुलाला, जावयाला किंवा अगदी विश्वासातल्या शिष्यालाच मिळत. हुंड्यात बंदिशी किंवा तबल्याच्या गती दिल्याच्या कथा संगीताच्या वर्तुळात आजही सांगितल्या जातात.

याचा दुसरा परिणाम असा की, योग्य शिष्य न मिळताच उस्ताद गेला तर चिजाही त्याच्याबरोबर जात. शिवाय एकच राग दोन घराण्यांत वेगळ्या पद्धतीने गायला जाई आणि संस्कृत ग्रंथांतले वर्णन तिसरेच असे. नेमके बरोबर काय, हे सामान्य श्रोत्याने विचारायचे तरी कोणाला?

भातखंडे यांनी संग्रह कसा केला?

त्यांनी दोन आघाड्यांवर काम केले. पहिली आघाडी ग्रंथांची. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांची भेट घेतली आणि वेंकटमखी यांच्या १७व्या शतकातील ७२ मेळांच्या पद्धतीचा अभ्यास केला. १९०७ आणि १९०८ मध्ये पूर्व आणि उत्तर भारताचे दौरे झाले. प्रत्येक गावात ग्रंथालये धुंडाळायची, जाणकारांना गाठायचे, ठरवून ठेवलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरे रोजनिशीत टिपायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

दुसरी आघाडी प्रत्यक्ष गाणाऱ्यांची आणि ती जास्त अवघड होती. ग्वाल्हेर परंपरेच्या बंदिशी त्यांना एकनाथ पंडित यांच्याकडून मिळाल्या. रामपूर दरबारातील तानसेन परंपरेची धृपदे मिळवण्यासाठी वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी नवाब हमीद अली खाँ यांचा गंडा बांधला. ग्रंथांचा एवढा अभ्यास झालेला हा माणूस चीज मिळणार असेल तर पुन्हा शागीर्द व्हायला तयार होता.

फोनोग्राफचा प्रसंग काय होता?

जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंग परंपरेच्या बंदिशींचे मोठे भांडार मानले जात. त्यांचे पुत्र आशिक अली आणि अहमद अली मुंबईत आले असताना भातखंडे यांनी त्यांच्याकडून शेकडो बंदिशी फोनोग्राफवर मुद्रित करून घेतल्या. मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरणारे हे यंत्र तेव्हा नवलाईचे होते. ख्याल पुन:पुन्हा ऐकून स्वर लिहिण्याची सोय त्यामुळे झाली.

घराण्याची ठेव अशी बाहेर गेल्याचे कळताच वडील नाराज झाले. पुढे भातखंडे यांनी महंमद अली खाँ यांनाच गुरू मानून तालीम घेतली. मात्र प्रसंगातला मुद्दा उरतोच. पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली चीज ही घराण्याची मालमत्ता की सर्वांचा वारसा? गाण्याच्या हक्कांबाबत आज जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न तेव्हाही हाच होता.

बंदिशी कागदावर कशा उतरल्या?

भातखंडे यांनी स्वरलेखनाची अगदी सोपी पद्धत बनवली. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. शब्दातले अक्षर लांबवायचे असेल तर अवग्रह. समेला फुली, खालीला शून्य आणि बाकीच्या टाळ्यांना आकडे. छापखान्यातील नेहमीच्या देवनागरी खिळ्यांत थोडीच भर घालून हे सगळे छापता येई. विद्यार्थ्यालाही ही चिन्हे थोड्या सरावाने वाचता येत.

याच पद्धतीत ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग तयार झाले. त्यांत विविध घराण्यांच्या सुमारे १,८०० बंदिशी आहेत. शेवटचे दोन भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारी लक्षणगीतेही त्यांनी रचली. ती पाठ झाली की रागाचा तपशील आपोआप लक्षात राहतो.

दहा थाट म्हणजे काय?

वेंकटमखी यांच्या ७२ मेळांवरून बोध घेऊन भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट निवडले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बिलावलचे स्वर शुद्ध मानून बाकीची मांडणी केली. शेकडो रागांना एकाच वेळी कवेत घेणारा हा आराखडा होता. जुने ग्रंथ काय सांगतात यापेक्षा आजचे कलाकार काय गातात, याला त्यांनी जास्त महत्त्व दिले.

हा सिद्धांत त्यांनी १९१०च्या सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या संस्कृत ग्रंथात ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने मांडला. त्याचे सविस्तर विवेचन ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाच्या चार भागांत, गुरू-शिष्य संवादाच्या रूपात आले. गंमत म्हणजे, या मराठी ग्रंथात ते चतुर पंडितांचा हवाला एखाद्या वेगळ्याच ग्रंथकाराप्रमाणे देतात.

टीका कोणती होते?

पहिला आक्षेप थाटांवर आहे. कीरवाणी आणि चारुकेशी हे दक्षिणेतून आलेले राग दहापैकी एकाही थाटात बसत नाहीत. काही रागांचे स्वर थाटाशी जुळतात, पण चलन जुळत नाही. दुसरा आक्षेप लिपीवर आहे. मींड, कण, आंदोलन आणि आवाजाचा लगाव कागदावर पूर्ण उतरत नाही. पुस्तकातून पाठ केलेली बंदीश बेचव होऊ शकते. शिवाय एखाद्या बंदिशीचा एकच पाठ छापला गेला की तोच प्रमाण ठरतो आणि बाकीचे मागे पडतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उस्तादांना शास्त्र कळत नाही, असा सूर त्यांच्या लेखनात अनेकदा येतो. ज्यांनी हे संगीत शतकानुशतके जिवंत ठेवले, त्यांनाच अडाणी ठरवणे अन्यायाचे होते, असे काही अभ्यासक म्हणतात. मात्र हेच भातखंडे त्याच उस्तादांसमोर शिष्य म्हणून बसत होते. त्यांच्याबद्दल मत बनवताना या दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

संगीत परिषदा आणि कॉलेज कशासाठी?

पुस्तके छापून काम संपत नाही, हे त्यांनी ओळखले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथेही परिषदा झाल्या. कलाकार, अभ्यासक आणि रसिक एकाच मांडवात बसून रागांच्या स्वरूपावर वाद घालत आहेत, हे दृश्य तेव्हा नवे होते.

१९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी हे कॉलेज अनेक वर्षे सांभाळले. रातंजनकर यांनी भातखंडे यांच्याकडून शास्त्र आणि बडोद्यात फैयाज खाँ यांच्याकडून गायकी घेतली होती. लिपीत जे उतरत नाही, ते गुरूसमोर बसूनच घ्यावे लागते, हे खुद्द भातखंडे यांच्या पट्टशिष्याच्या शिक्षणातूनच दिसते. रातंजनकर यांच्याकडून ही परंपरा के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी आणि सुमती मुटाटकर यांच्यापर्यंत पोहोचली.

आज या कामाचा उपयोग काय?

१९३३ मध्ये पक्षाघाताने भातखंडे अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. संगीताच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी आजही थाट, वादी-संवादी आणि गानसमय ही माहिती बहुतांशी त्यांच्याच मांडणीत लिहितो. ‘क्रमिक’च्या हिंदी आवृत्त्या उत्तर भारतातील संगीत वर्गांत वापरल्या जातात.

गाणे ऐकणाऱ्यांनाही त्याचा उपयोग आहे. आवडत्या गायकाची बंदीश ‘क्रमिक’मध्ये शोधावी आणि छापील पाठ समोर ठेवून ध्वनिमुद्रण ऐकावे. कागदावर काय आहे आणि गायकाने स्वत:चे काय घातले, हा फरक लगेच लक्षात येतो. घराण्याच्या बाहेरच्या माणसाला पूर्वी अशी तुलना करताच येत नव्हती.