स्मिता पाटील आणि हैदराबाद: गाणी ओठांवर राहिली, ‘बाजार’ मात्र विसरला गेला

१९८२-८३ चा काळ. घरात टेपरेकॉर्डर येणं म्हणजे तेव्हा गल्लीभर चर्चेचा विषय. टेप आला की त्यासोबत चार-दोन कॅसेट यायच्या आणि त्यात बऱ्याच वेळा एक असायची ‘बाजार’ची. नांदेड, बिदर, निजामाबाद, कुठंही जा, खय्याम यांच्या चालीतली ती गाणी कुठल्या तरी खिडकीतून कानावर पडायचीच. ऐकणाऱ्याला उर्दू पुरतं कळत नसलं तरी काही अडत नव्हतं.

त्या कॅसेटची एक गंमत आहे. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या युगुलगीताचे शब्द मख्दूम मोहिउद्दीन यांचे. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या अंदोलचा हा माणूस, हैदराबादचा कामगार पुढारी, तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातला कम्युनिस्ट आणि तितकाच हळवा शायर. १९६९ मध्ये ते गेले, म्हणजे आपलं गाणं एवढं गाजलेलं त्यांनी पाहिलंच नाही. लता मंगेशकरांसोबत ते गायलं तलत अझीझ यांनी. तेही हैदराबादचेच. भूपिंदर यांच्या भारदस्त आवाजातली दुसरी गझल लिहिली बशर नवाज यांनी, ते औरंगाबादचे. त्यात मीर तकी मीर यांची एक जुनी गझलही आहे, पण बाकी हिशेब मांडला तर ही जुन्या निजाम इलाख्याची कॅसेट म्हणावी लागेल. भाषावार प्रांतरचना झाली, इलाखा तीन राज्यांत वाटला गेला, पण कॅसेटमध्ये तो एकत्र वाजत राहिला.

आणि पडद्यावर या गाण्यांच्या मधोमध उभी होती एक मराठी मुलगी, स्मिता पाटील.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव पाटील मूळचे खान्देशातल्या शिरपूरकडचे. स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यात. घरात राजकारण होतं, पण मंत्र्याच्या घरचा थाट म्हणतात तो नव्हता. पोरीवर संस्कार झाले ते राष्ट्र सेवा दलाचे. कलापथकात नाचायचं, गायचं, गावोगाव फिरायचं, मिळेल ते खायचं, मिळेल तिथं झोपायचं. रंग सावळा, डोळे मोठे, वागणं बिनधास्त. त्या काळातल्या नटीच्या व्याख्येत ती कुठूनही बसत नव्हती.

वडील मंत्री झाल्यावर घर मुंबईला आलं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्या वाचायला माणसं हवी होती. एका छायाचित्रकार मित्रानं काढलेले स्मिताचे फोटो केंद्रातल्या वरिष्ठांच्या नजरेस पडले आणि विशीही न गाठलेली ही मुलगी बातम्या वाचायला लागली. केंद्रावर यायची ती जीन्स घालून. बातम्यांची वेळ झाली की वरूनच साडी गुंडाळायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची. कॅमेरा कमरेच्या वरचंच दाखवायचा, त्यामुळं प्रेक्षकांना पत्ता लागायचा नाही. कृष्णधवल पडदा, कपाळावर मोठं कुंकू आणि डोळ्यांत डोळे घालून बोलल्यासारखा आवाज. मुंबईत लोक नुसती तिला बघायला बातम्या लावायचे, असं सांगणारे अजून भेटतात.

आपल्या भागानं मात्र ही स्मिता पाहिलीच नाही. मुंबई केंद्राची लहर तेव्हा मुंबई-पुण्याच्या टापूपलीकडं जात नव्हती. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीनं देशातल्या सहा राज्यांत सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवायचा वर्षभराचा प्रयोग झाला. त्यात आंध्र आणि कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. सीमेपलीकडच्या काही खेड्यांनी टीव्ही आधी पाहिला आणि अलीकडच्यांनी नुसतं ऐकलं. हैदराबादचं दूरदर्शन केंद्र आलं १९७७ ला. तोवर स्मिता बातम्या सोडून सिनेमात गेली होती.

सिनेमात तिला आणलं ते हैदराबादच्याच माणसानं. श्याम बेनेगल यांचं बालपण तिरुमलगिरी-अलवाल भागात गेलं, शिक्षण निजाम कॉलेजात. घरची बोली कोकणी, कानावर तेलुगू आणि दखनी. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी स्मिताचं नाव सुचवलं आणि ‘चरणदास चोर’ या मुलांच्या चित्रपटात बेनेगलांनी तिला राजकन्या केलं. लगेच दुसरा चित्रपट आला ‘निशांत’.

‘निशांत’ची कथा १९४५ सालची, निजामाच्या काळातल्या तेलंगणातल्या खेड्याची. पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रीकरण हैदराबादजवळ पोचमपल्लीला झालं, जिथल्या साड्या आपल्याकडं लग्नाच्या बस्त्यात असतात, तेच पोचमपल्ली. गावच्या जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराच्या बायकोला उचलून नेतात आणि सारं गाव खाली मान घालून बसतं, अशी ती गोष्ट. पळवून नेलेली बायको शबाना आझमी. स्मिता होती त्याच वाड्यातली धाकटी सून रुक्मिणी. नवऱ्याला थांबवू शकत नाही आणि समोर चाललेलं बघवतही नाही. भूमिका छोटी, संवाद थोडे. पण वाड्यातल्या सुनेची ती घुसमट मराठवाड्यातल्या बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. देशमुखी-पाटलांचे वाडे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच होते.

त्यानंतर तीन-चार वर्षांत ती कुठल्या कुठं पोहोचली. ‘मंथन’मध्ये गुजरातची दूधवाली, ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर समाजाची चिंधी, आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून बेतलेल्या ‘भूमिका’मध्ये तमाशा-सिनेमातली नटी. ‘भूमिका’नं तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार दिला, तेव्हा ती जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची होती. दुसरा मिळाला ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतल्या अम्मासाठी. या काळाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथं पुन्हा नको.

कमी लिहिलं गेलं ते ‘अनुग्रहम’बद्दल. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ या मराठी कादंबरीवर बेनेगलांनी १९७८ मध्ये एकाच वेळी दोन चित्रपट केले, हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’. कोकणच्या मातीतली गोष्ट आंध्रात नेऊन लावली. अनंत नाग, वाणिश्री आणि स्मिता दोन्हींत. मराठी कादंबरी, कन्नड मुलुखातला नायक, तेलुगू नायिका आणि खान्देशी बापाची पोर. असले मेळ पुढं फारसे जमले नाहीत. चित्रपट चालला नाही आणि विस्मरणात गेला, ही हळहळण्याचीच गोष्ट.

मग उजाडलं १९८२. या एका वर्षात स्मिता किती ठिकाणी होती बघा. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये घर सोडून महिलाश्रम चालवायला निघालेली सुलभा ती. त्याची हृदयनाथ मंगेशकरांची गाणी आजही मराठी घरांत वाजतात. ‘अर्थ’मध्ये दुसऱ्याचा संसार मोडणारी आणि स्वतः मोडून पडणारी नटी ती. आणि ‘नमक हलाल’मध्ये अमिताभ बच्चनसोबत पावसात भिजत नाचणारीही तीच. बप्पी लाहिरींचं ते गाणं देशभर वाजलं. स्मिता मात्र ते चित्रीकरण झाल्यावर रडली होती, असं तिच्या जवळच्यांनी पुढं सांगितलं. व्यावसायिक सिनेमा आपण का करतोय, हे ती स्वतःला समजावत होती. समांतर सिनेमाला प्रेक्षक मिळवायचा तर आपलं नाव मोठं व्हायला हवं, असा तिचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत तिनं भरली.

याच वर्षी ‘बाजार’ आला. दिग्दर्शक सागर सरहदी. ‘कभी कभी’चे लेखक म्हणून लोक त्यांना ओळखत. हैदराबादेत पैशापायी आखातातल्या नवरदेवांना मुली दिल्या जातात, अशी बातमी त्यांच्या वाचनात आली आणि त्यातून हा चित्रपट उभा राहिला. चित्रीकरण हैदराबादेतच झालं.

गोष्ट अशी. नजमा, म्हणजे स्मिता, पडत्या काळातल्या हैदराबादी खानदानातली मुलगी. घरच्यांनी तिच्या रूपाचा बाजार मांडायला घेतला, म्हणून ती निघून मुंबईला आलेली. ज्याच्या भरवशावर आली तो अख्तर लग्नाचं पुढं ढकलतोय. त्याच्या नात्यातला, आखातातून पैसा करून आलेला एक वयस्कर माणूस नवी बायको शोधतोय आणि अख्तरला त्याची मर्जी सांभाळायचीय. नजमाच मग सगळ्यांना घेऊन आपल्या शहरात, हैदराबादला, येते. पसंत पडते ती शबनम, सुप्रिया पाठकनं केलेली. तिचं प्रेम आहे गरीब सरजूवर, म्हणजे फारुख शेखवर. लग्न लागतं आणि शबनम विष घेते.

इथं स्मिताचं काम नीट बघावं. नजमा ही बळी आहे आणि दलालही आहे. स्वतः ज्यातून सुटून आली, त्याच बाजारात दुसरीची पोर तिनं स्वतःच्या हातानं उभी केली. शेवटी तिला हे कळतं, तेव्हा ती रडून मोकळी होत नाही. आपणही गुन्हेगार आहोत, हे ती कबूल करते आणि अख्तरला सोडून निघते. दुसरी एखादी नटी असती तर नजमा बिचारी वाटली असती. स्मितानं तिला बिचारी होऊ दिलं नाही.

पण झालं काय, की गाणी इतकी गोड निघाली की लोकांनी गाणीच घरी नेली. १९८४ नंतर गावोगाव छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, टीव्ही सीमाभागात आला, ‘चित्रहार’ सुरू झाला की कामं टाकून माणसं पडद्यासमोर बसू लागली. मख्दूमची फुलं आणि रात्र सगळ्यांना पाठ झाली. त्या गाण्यातल्या दोन लेकरांचं पुढं काय होतं, हे कॅसेटमध्ये नव्हतं. ज्या लग्नात मुलीचा सौदा झालाय, त्या चित्रपटातली गाणी लग्नघरी वाजली आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादहून निघालेल्या विमानात एका हवाई सुंदरीला रडणारी मुलगी दिसली. वय दहा-अकरा. शेजारी साठीचा सौदी माणूस. विचारलं तर तो नवरा निघाला. दिल्लीत मुलीची सुटका झाली आणि देशभर गदारोळ उठला. वर्तमानपत्रं भरून आली, संसदेपर्यंत विषय गेला. ‘बाजार’ येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्यानंतरही हैदराबादच्या जुन्या शहरातून अशा लग्नांच्या, काझी-दलालांच्या अटकेच्या बातम्या येत राहिल्या.

बाजारानंतर मंडी. १९८३ मध्ये बेनेगल पुन्हा हैदराबादकडं आले आणि भोंगीरला ‘मंडी’ केला. गुलाम अब्बास यांच्या ‘आनंदी’ या कथेवरून. शहराच्या मधोमध असलेला कोठा सभ्य लोकांना नकोसा होतो, बायकांना गावाबाहेर हाकलतात आणि मग गावच त्यांच्यामागं तिथं जाऊन वसतं. शबाना कोठ्याची मालकीण, स्मिता तिनं जिवापाड जपलेली गाणारी झीनत. दोन्ही नावांचा अर्थ एकच, दोन्ही गोष्टी एकाच मुलुखातल्या, पण सूर किती वेगळा. ‘बाजार’ रडवतो, ‘मंडी’ हसवतो आणि घरी गेल्यावर बोचतो. संगीत वनराज भाटियांचं. ‘ज्युली’तल्या इंग्रजी गाण्यानं पॉप गायिका म्हणून गाजलेल्या प्रीती सागर इथं जुन्या शायरांच्या गझला गायल्या. मख्दूम इथंही आहेत. या चित्रपटाची कॅसेट मात्र ‘बाजार’सारखी घरोघर गेली नाही.

टीव्हीशी स्मिताचं नातं अगदीच तुटलं नव्हतं. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला. ओम पुरी दुखी चांभार, स्मिता त्याची बायको झुरिया, आणि ब्राह्मणाच्या भूमिकेत मोहन आगाशे. नवऱ्याचं प्रेत ब्राह्मणाच्या दारात पडलंय आणि भर पावसात ती दारावर आक्रोश करतेय, हा प्रसंग पाहिलेला माणूस विसरत नाही.

१९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. राज बब्बर यांच्याशी लग्न झालं होतं, ते आधीच विवाहित, त्यामुळं टीका झाली. स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलणारी बाई असं कसं वागते, असं विचारणाऱ्यांत ‘उंबरठा’ पाहून टाळ्या वाजवणारेही होते. २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला, प्रतीक. त्यानंतर बाळंतपणातल्या गुंतागुंतीनं ती खालावत गेली आणि १३ डिसेंबरला मुंबईत गेली. वय ३१. बाळ पंधरा दिवसांचं.

मेल्यावर आपल्याला नववधूसारखं सजवावं, असं ती आपले रंगभूषाकार दीपक सावंत यांना म्हणाली होती. त्यांनी ते केलं.

तिच्या जाण्याची बातमी दूरदर्शनवर आली, तेव्हा टीव्ही आपल्या भागातही पोहोचला होता. ज्या मराठवाड्यानं, ज्या बिदर-आदिलाबादच्या मराठी घरांनी तिला बातम्या वाचताना कधी पाहिलं नव्हतं, त्यांना ती बातम्यांत दिसली ती अशी. तिचे बरेच चित्रपट नंतर प्रदर्शित होत राहिले. १९८७ मध्ये केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ पडद्यावर आला. त्यात सोनबाई सुभेदाराला नाही म्हणते. गाव तिला त्याच्या हवाली करायला तयार होतं आणि मिरचीच्या कारखान्यातल्या बायका शेवटी तिखटाची पोती घेऊन दारात उभ्या राहतात.